गिऱ्ह्याचा नमस्कार

मी आठ वर्षांची असताना एका भुतानं मला नमस्कार केला होता. आमच्या गावच्या जत्रेत, व्हिडिओच्या तंबूत. डोहातून भूत वर आलं, केस गुडघ्यापर्यंत, अंगावरून पाणी गळतंय. आणि त्यानं आधी खाली वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, आमच्याकडं बघून दोन्ही हात जोडले आणि मग सावकाश जाऊन एका माणसाचा गळा धरला. दात विचकणारी भुतं मी पुष्कळ बघितली होती, त्यांचं काही वाटत नाही. पण आधी पाया पडणारं भूत? पुढं वर्षभर मी परसाकडं एकटी गेले नाही. आई बिचारी टमरेल घेऊन सोबतीला.

त्या सिनेमाचं नाव 'डोहातला गिऱ्हा'. गिऱ्हा म्हणजे माणसाला भुलवून खोल पाण्यात नेणारं कोकणातलं भूत. सिनेमा केला होता देवरूखजवळच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी. त्यांना सगळे तात्या म्हणतात. एक उसना व्हिडिओ कॅमेरा आणि आपल्याच गावची माणसं एवढ्यावर तात्यांनी भुताचे सात सिनेमे केले. मी मोठेपणी माहितीपट करायला लागले, गुऱ्हाळं झाली, धरणं झाली, आणि एक दिवस जत्रेतल्या त्या तंबूवाल्याच्या माळ्यावर 'गिऱ्ह्या'ची कॅसेट सापडली. ती साफ करून मी कोल्हापुरात आमच्या सिनेमावेड्या मंडळींना दाखवली. तर तिथले एक विद्वान उठले आणि त्या नमस्कारावर वीस मिनिटं बोलले. मृत्यूचं मातीशी असलेलं नातं म्हणे. मी म्हटलं, मास्तर हयात आहेत ना? मग त्यांनाच विचारू की.

तात्यांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "ये गो. पण लवकर ये. पाडव्यानंतर मुलगा मला डोंबिवलीला नेणार आहे कायमचा. आणि येताना ती कॅसेट आण. आमच्याकडच्या सगळ्या बुरशीनं खाल्ल्या."

आंबा घाट उतरून

कॅमेऱ्याला सोबत माझा धाकटा दीर सुहास. एरवी लग्नांचं शूटिंग करतो आणि त्यात तरबेज आहे. एकच अडचण: भुताला घाबरतो. अडतीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि आयुष्यात भुताचा एक सिनेमा बघितलेला नाही. विषय ऐकून त्यानं गाडीला लिंबू-मिरची बांधली, गळ्यात काळा दोरा घातला आणि वर मलाच बजावलं, "वहिनी, मी फक्त माणसांचं शूटिंग करणार हं. पडद्याकडं कॅमेरा लावायला सांगायचं नाही."

घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. साखरप्याला चहा प्यायलो. रस्त्याकडेला काजूची झाडं बोंडांनी लाल-पिवळी झाली होती, आणि शिमग्याचे दिवस असल्यानं मुंबईच्या नंबरांच्या गाड्या वाडीवाडीत वळत होत्या. देवरूख मागं टाकून तासाभरानं तळेकोंड लागलं. तांबड्या मातीचा उतार, खाली नदी, नदीत तो डोह. मी खाली उतरून त्या डोहाकडं बघितलं आणि खरं सांगते, दोन पावलं मागं आले. लाज वाटली, पण आले.

तळेकोंड

तात्या ओसरीवर वाटच बघत होते. वय एक्क्याऐंशी, पाठ ताठ, डोळे मात्र जवळजवळ गेलेले. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. मी जत्रेतली माझी गोष्ट सांगितली, तर म्हातारा असा खूश झाला की काही विचारू नका.

"वर्षभर? एकटी गेलीच नाहीस?"

"नाही ना तात्या."

"अगदी वर्षभर!" त्यांनी शेजारच्या बाळारामदादांना हाक मारली. हे गावकर, म्हणजे गावाचे मानकरी. "बाळाराम, ऐक, ही कोल्हापूरची बाय काय सांगते. सांग गो परत."

मी परत सांगितलं. मग दूधवाला आला, त्याला सांगितलं. पोस्टमन आला, त्यालाही. संध्याकाळपर्यंत माझ्या परसाकडची गोष्ट सगळ्या तळेकोंडाला पाठ झाली होती. भलती कीर्ती पसरली म्हणायची माझी.

मग मी नमस्काराचं विचारलं. तात्यांनी कपाळाला हात लावला.

"अगो, नमनातली माणसं ती! शिमग्यात नमन-खेळे करणारी. पाया पडल्याशिवाय रंगात उतरायचं नाही हे त्यांच्या रक्तात. मी धाकूला शंभरदा सांगितलं, बाबा, तू आता भूत आहेस, भूत कोणाच्या पाया पडत नाही. तो म्हणायचा, 'तात्यानु, भूत मी मागनं होईन. आदी समोरच्या माणसांना नमस्कार नको?' मी म्हटलं, समोर कॅमेरा आहे. तर म्हणाला, 'कॅमेऱ्याच्या पाठी माणसां असतील ना कवा तरी?' मग मी कॅमेरा चालू केला."

वीस मिनिटांचं व्याख्यान गेलं नदीत.

हा धाकू म्हणजे सातही सिनेमांतलं भूत. एरवी मुंबईत एका कारखान्यात कामाला. शिमग्याची रजा मिळाली की गावी यायचा, तेवढ्या दिवसांत तात्यांनी त्याला भूत करायचं. रजा संपली की भूत मुंबईला. त्यामुळं एकेका सिनेमाला दोन-दोन, तीन-तीन शिमगे लागायचे. रक्त म्हणून गूळ घातलेलं कोकमाचं आगळ, केस म्हणून सुंभ, धुकं म्हणून ओला पातेरा, म्हणजे पालापाचोळा, पेटवायचा. रक्ताच्या वासानं मुंग्या यायच्या आणि मेलेला माणूस खाजवायला लागायचा.

"पण तुमच्याकडं लोक घाबरले असतील ना तात्या?" मी सहज विचारलं.

तात्यांचा चेहरा उतरला. "घाटावर बाया चक्कर येऊन पडल्या. चिपळूणला एकजण तंबूची कनात फाडून पळाला. आणि माझ्या स्वतःच्या गावात काय झालं, ते सुमतीलाच विचार. तिनंच केलं."

सुमतीकाकू धाकूची बायको. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. आम्ही गेलो तेव्हा चुलीपुढं बसून कुळथाची पिठी ढवळत होत्या. कॅमेरा बघून जराही बुजल्या नाहीत. बुजतील कशाला, दोन सिनेमांत हडळ झाल्या होत्या.

"मंग हसू नको तर काय करू?" त्या म्हणाल्या. "देवळाम्होरं टीव्ही लावलेला. सगळा गाव बसलेला. गिऱ्हा पान्यातनं वर आला. त्या वक्ताला तात्यानी बाजा ठेवलेला नाय, निस्ता पानी टिपकतो. लोकांनी भ्यावा म्हनून. आनि मी बगतो तर काय, ह्यांच्या अंगावर माजी गोधडी! दिवाळीला शिवलेली नवी गोधडी, आनि पान्यात! मना दम निगला नाय. मी वरडलो, 'आवो, माजी गोधडी भिजवलीत!' झाला. गाव जो हसत सुटला तो शिनेमा संपंपरयत. त्यापुडं कुनी पन भूत आला की पोरां वरडाची, 'गोधडी! गोधडी!'"

सातही सिनेमांचं हेच झालं. पडद्यावर कोणीही आलं तरी गाव ओळखणार. हा आपला बाळाराम, ती त्याची आत्या, हे प्रेत म्हणजे खालच्या वाडीतला तुकाराम, कालच माझं कोयतं नेलंन. ओळखीच्या माणसाला घाबरायचं कसं?

आणि धाकू? धाकू करोनाच्या साथीत मुंबईतच गेला. गावाला त्याचं तोंडही दिसलं नाही. काकू इथं, नवरा तिथं, मध्ये सगळे रस्ते बंद. हे काकूंनी पिठीत मीठ घालता घालता सांगितलं आणि लगेच सुहासला म्हणाल्या, "तू का रं असा काळा दोरा घालून? आजारी हायस?"

पिठी आणि तांदळाची भाकरी जेवलो. मी पडले कोल्हापूरची. आमच्याकडं जेवताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं नाही तर पाहुण्याला वाटतं आपला अपमान झाला. ही पिठी कशी, मऊ, गरीब. पहिल्या घासाला मी मनात नावं ठेवली आणि चौथ्यांदा वाढून घेतलं.

निघताना तात्यांनी माझा हात धरला. "माझं एक काम कर. तुझ्या कॅसेटवरनं सिनेमा मोठ्या पडद्यावर लाव. इथंच, माझ्या गावात. मला आता दिसत नाही, पण ऐकू येतं. तो गिऱ्हा वर येतो तेव्हा एकदा, फक्त एकदा, माझ्या गावानं गप बसून बघावं. तेवढं ऐकलं की मी डोंबिवलीला सुखानं जाईन."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातंय! गप बसवणार कोणाला, या गावाला?

हेदवी, ओहोटीच्या वेळी

सिनेमाचा शेवट हेदवीच्या समुद्रावर काढला होता. तिथं खडकात एक अरुंद घळ आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की माडाएवढं उंच उडतं. तात्या म्हणाले, मला तिथं न्या, सगळं जागेवर सांगतो. नेलं. वाटेत दशभुज गणपतीला थांबलो. सुहासनं देवाकडं इतका वेळ काय मागितलं कोण जाणे, गाडीत येऊन बसला तो एकदम सैल.

घळीपाशी पोचलो तर पाणी कुठाय? खाली डबक्यात दोन खेकडे. किनाऱ्यावर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी एक बाई आमच्याकडं बघून म्हणाली, "आता कशाला आलात? ओहोटी हाय. भरती दुपारनं." कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगा ठाऊक, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा बघून कोण घराबाहेर पडतं? तात्या मात्र कोकणचे असून विसरले. "डोळे गेल्यापास्नं समुद्राकडं लक्षच नाही," म्हणाले आणि स्वतःवरच चिडले.

बसलो. मी ज्या खडकावर बसले त्याला कालवांच्या धारदार शिंपल्या चिकटलेल्या होत्या. सलवार टरकन फाटली. ओढणी कमरेला गुंडाळून मी तशीच मुलाखत घेतली. तात्या सांगत होते, धाकू या घळीच्या तोंडाशी उभा राहायचा, लाट यायची, तो नाहीसा व्हायचा आणि पाणी ओसरलं की तिथंच हात जोडून उभा. मग म्हणाले, "खरं सांगू? भूत म्हणून तो काही भीतीदायक नव्हता. फार सभ्य माणूस. चेहऱ्यावर रागच यायचा नाही. मी चिडायचो त्याच्यावर. रडवलंय मी त्याला एकदा."

दुपारी भरती आली. पाणी असं उसळलं की मी किंचाळले. सुहासनं नेमकी तेव्हाच बॅटरी बदलायला काढली होती. तात्या नखशिखांत भिजले आणि पोरासारखे हसले.

शिमग्याची दुपार

भुताचा सिनेमा भर दुपारी तीनला लावावा लागला. संध्याकाळी पालखी वरच्या वाडीत घरोघर जायची, आणि प्रोजेक्टर देवरूखच्या कॉलेजातल्या तात्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आणलेला, तो पाचला परत हवा. शिमग्याचा देव पालखीतून सहाणेवर, म्हणजे देवळाबाहेरच्या पालखीच्या चौथऱ्यावर, बसलेला, त्यामुळं देवळाचा सभामंडप रिकामा. पण बाहेर लख्ख ऊन. अंधार करायचा कसा? बाळारामदादांनी फर्मान काढलं, घरटी एक गोधडी आणा. अर्ध्या तासात सगळ्या खिडक्या, कमानी गोधड्यांनी बंद. सुमतीकाकूंनीही एक धाडली, निरोपासकट: "भिजवू नका."

स्वतः त्या येणार नव्हत्या. "शिमग्याची कामां कमी हायत काय? मी बगितलाय तो."

माणसं मात्र लोटली. मुंबईवाले, गाववाले, सगळे. सिनेमा सुरू करणार तेवढ्यात बाळारामदादा उठले. "थांबा. भुताचा काम हाय. गाऱ्हाणा घालूया."

नारळ ठेवला. सगळे उभे. बाळारामदादांनी घसा साफ केला.

"हे गावदेवा म्हाराजा! ही कोल्लापूरची बाय आज तुज्या मांडवात भुताचा शिनेमा लावतेय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप.

"तरी शिनेमातला भूत शिनेमातच ऱ्हाऊ दे. कुनाच्या पाठनं घरापरयत येऊ देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यांत मोठा आवाज सुहासचा होता.

"तशीच ही बाय ल्हानपनी लय भ्यालेली हाय. तिला हितनं फुडं परसाकडं जाताना कसली भीती वाटू देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप दणाणला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. देवाच्या दरबारात नोंद झाली म्हणायची.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या मिनिटापासून तेच. "आवं, बाळारामदादा! केस होते की वं तुमाला!" "ती बग आत्या, पळताना चप्पल सुटली तिची!" प्रेत खाजवायला लागलं तेव्हा तर एकजण हसून हसून खांबाला धरून बसला. तात्या पडद्याकडं पाठ करून, माणसांकडं तोंड करून खुर्चीत बसले होते, मी त्यांच्या शेजारी, आणि सुहास आमच्याजवळच, कॅमेरा माणसांवर लावून. दिसत नव्हतंच, कान लावून बसले होते. प्रत्येक हशाला त्यांचा चेहरा जरासा पडत होता. मला स्वतःचाच राग आला. कशाला हा घाट घातला मी? म्हातारा जाताना परत हाच हशा बरोबर घेऊन जाणार.

तेवढ्यात दाराची गोधडी बाजूला झाली आणि सुमतीकाकू आत आल्या. पदराला हात पुसत मागं भिंतीपाशी उभ्या राहिल्या. लोकांनी वळून बघितलं. दोघातिघांनी हसून एकमेकांना कोपरानं ढोसलं. आता डोह येणार, आता काकू ओरडणार. एका मुंबईवाल्यानं तर तयारीच केली, "गोध..."

पडद्यावर डोह आला. संगीत थांबलं. पाणी हललं. सुंभाचे केस, मग खांदे, मग ती गोधडी, आणि धाकू वर आला. चाळीस वर्षांचा, धडधाकट, पाण्यानं निथळणारा. चार पावलं पुढं आला, वाकला, जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. आणि सरळ माणसांकडं बघून हात जोडले.

कोणी हसलं नाही.

त्या मुंबईवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच. बाळारामदादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. धाकूला शेवटचा नमस्कार करायचा राहून गेला होता ना सगळ्यांचा; आणि तो आपण होऊन उभा होता समोर. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आमच्या तांबड्या रश्श्यानंसुद्धा येत नाही एवढं.

तात्या घाबरे झाले. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि कुजबुजले, "का गो? मशीन बंद पडली काय?"

"नाही तात्या. चालू आहे."

"मग आवाज का नाही कुणाचा?"

"सगळे गप बसलेत, तात्या. बघतायत."

त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

तेव्हा मागून सुमतीकाकूंचा आवाज आला. मोठा नव्हे. दारात आलेल्या माणसाला विचारावं तसा, रोजचा.

"आलात?"

पुढं काय, गिऱ्ह्यानं गळा धरला, तो माणूस मरताना शेणात पाय घसरून आपटला, आणि गाव पुन्हा हसत सुटलं. या वेळी तात्याही हसले, डोळे पुसत. पाचला प्रोजेक्टर गेला. काकूंनी आपली गोधडी कमानीवरून काढली, झटकली, कोरडी आहे ना ते हातानं बघितलं आणि घरी गेल्या.

परतताना घाटात मी सुहासला विचारलं, "ती जागा मिळाली ना रे नीट? धाकू आला तेव्हाची, माणसांची?"

त्यानं गळ्यातला काळा दोरा चाचपला. मग म्हणाला, "वहिनी, रागावू नका. गिऱ्हा यायच्या वेळी मी डोळे मिटले. कॅमेरा हातात खाली गेला असणार."

आंब्यापासून मलकापूरपर्यंत मी त्याला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

घरी येऊन बघितलं. खरंच, पडदा नाही, धाकू नाही, तात्या नाहीत. नुसती देवळाची फरशी आणि माणसांचे पाय. बराच वेळ काही आवाज नाही, पाणी ठिबकतंय तेवढंच. मग तात्यांची कुजबुज, माझी कुजबुज. मग "आलात?" आणि त्यानंतर चौकटीत कडेनं एक सुरकुतलेला हात येतो, फरशीला लागतो, वर जातो. त्याच्यामागून दुसरा एक हात खाली येतो, मग तिसरा, मग मोजता येत नाहीत इतके.

माहितीपट मी तिथंच संपवलाय. तात्यांना डोंबिवलीला फोनवरून त्या जागेचा नुसता आवाज ऐकवला. ते म्हणाले, "परत लाव गो."

मी परत लावला.